आत्या अजून उतारावर

“आत्या साठीची, सायकल भाच्याची, आणि ब्रेक कुणाचाच नाही. ऐकताय ना? हं म्हणा.”

“हं.”

“जन्मात कधी सायकलवर बसली नव्हती. एक दिवस म्हणाली, आता बसते. बसली. रस्ता कुठला निवडला, तर पाण्याच्या टाकीपासून थेट बाजारात उतरणारा. गावातला सगळ्यात उभा. झोपू नका. हं म्हणा.”

“हं.”

“पहिल्या वळणावर पोस्टमन. पत्रं हवेत. दुसऱ्या वळणावर कोंबड्या. कोंबड्यांचं सांगत नाही, तुम्हाला हसू येईल आणि बरगडी दुखेल. आता सरळ रस्ता. समोर न्हाव्याचं दुकान. दार सताड उघडं. आत खुर्चीत गिऱ्हाईक, मान मागे टाकलेली, गळाभर साबणाचा फेस. वस्तरा गळ्यावर. आणि आत्या ओरडतेय...”

इथे हेलिकॉप्टर आलं.


पंख्याच्या घरघरीत आत्या काय ओरडली ते ऐकूच आलं नाही. दोरीने बांधलेलं स्ट्रेचर वर गेलं, आवाज खाली राहिला.

स्ट्रेचरवरचा माणूस चष्मेवाला होता. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान, काउंटरवर बायको, आतल्या अंधाऱ्या खोलीत तो आणि भिंतीवरची अक्षरं. हिवाळ्याच्या शेवटी चष्मेवाल्यांच्या मंडळाची शिखरावर सहल गेली होती. पायाला जाळीचे जोडे बांधून बर्फात चालायचं, वरच्या उपाहारगृहात सूप प्यायचं आणि खुर्चीच्या रोपवेने खाली यायचं, इतकी साधी सहल. चष्मेवाला फक्त आडोशाला गेला. खुणेच्या काठ्यांच्या पलीकडे, कारण माणूस लाजाळू. तिथे बर्फाखाली जमीन नव्हती.

तो घळीत पडला. मांडीचं हाड मोडलं, बरगडी गेली, डोक्याला खोक पडली आणि चष्मा गेला. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा हातही धुरकट दिसायचा, त्यात डोळ्यांवरून बँडेज बांधलेलं. म्हणजे ज्या बाईने त्याचं डोकं मांडीवर धरून, हेलिकॉप्टरला ढगातून वाट मिळेपर्यंत, तोंडाचा पट्टा एक क्षण थांबू दिला नाही, तिचं नाकसुद्धा त्याने पाहिलं नाही. आणि हा तर माणसं नाकाकानांवरून ओळखणारा.

“तिथे झोपला असतात, तर उठला नसतात,” हाड जोडणारे डॉक्टर नंतर म्हणाले.

भूल देणारी डॉक्टर त्याला म्हणाली होती, शंभरपासून उलटे आकडे मोजा. त्याने विचारलं, “आत्या काय ओरडली?”


घरी

“एक पत्र टाका, एक मिठाईचा खोका पाठवा, झालं,” बायको म्हणाली. “बचावपथक आहे, त्यांचं कामच ते.”

“कुणाच्या नावाने पाठवू?”

“पथकाच्या.”

“पथकाने नाही धरलं माझं डोकं. एका बाईने धरलं.”

“बरं. मग त्या बाईला शोधा. भेटा. आभार माना. आणि मग माझ्याकडे बघा जरा, मीपण दोन महिने तुम्हाला अंघोळ घालतेय.”

“तुझे मानलेत की.”

“कधी?”

चष्मेवाल्याने आठवून पाहिलं आणि विषय बदलला.

पण खरंच, त्याला दुसरं काही नको होतं. आभार मानायचे होते, समोर उभं राहून, तिच्या तोंडावर. ते मानले नाहीत तोवर तो पुरता खाली आलाच नव्हता; पाय दुकानात, धड दुकानात, पण काहीतरी वर घळीतच राहून गेलेलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलताना तो विचारायचा, “हे बरं दिसतंय की हे?” आणि उत्तर यायच्या आत त्याच्या डोळ्यांपुढे तो उतार यायचा, न्हाव्याचं उघडं दार, गळ्यावरचा फेस. गिऱ्हाईक दोनदा म्हणायचं, “हे,” आणि तो म्हणायचा, “हं.”


उन्हाळा

बर्फ गेलं की ते शिखर ओळखू येत नाही. जिथे माणसं घसरत होती तिथे गवत, गवतात माणसं लोळतायत, पोरं पतंग उडवतायत. खुर्च्यांच्या रोपवेला मागे आकडे लावून सायकली वर नेतात, आणि मग त्याच सायकलींवरून शहाणीसुरती माणसं, हेल्मेट घालून, डोंगरावरून स्वतःला खाली फेकून देतात. चष्मेवाल्याला ते बघवेना. प्रत्येक सायकलीवर त्याला आत्या दिसायची.

तो काठी टेकत वर पोचला. बायको पायथ्याच्या पार्किंगमध्येच थांबली. गाडीचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून, विणकाम घेऊन. “मला त्या डोंगराचं तोंड बघायचं नाही,” ती म्हणाली. असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी यायची.

वर कड्यापाशी एक तरणी ताई लोकांना दोर बांधून कातळ चढायला शिकवत होती. आवाज खणखणीत. चष्मेवाल्याने धीर केला.

“ताई, हिवाळ्यात इथे एका माणसाला घळीतून काढलं. त्याच्याशी कुणी एक बाई बोलत होत्या.”

ताईने त्याच्या काठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोराची गाठ हातातच राहिली.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

चष्मेवाल्याने तिचे दोन्ही हात धरले, खडूच्या भुकटीने पांढरे झालेले, आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. अर्धं विसरला, ते रडून भरून काढलं. ताईही रडली. कड्यावर मध्येच लटकलेला तिचा विद्यार्थी बिचारा वाट बघत राहिला.

“आणि आत्याचं?” डोळे पुसत त्याने विचारलं. “आत्याचं काय झालं? लाल सायकल, न्हाव्याचं दुकान...”

ताई क्षणभर गोंधळली. मग म्हणाली:


(आत्याचा शेवट, ताईने सांगितलेला)

“तिने उडी मारली. दुकानाच्या दारावर पाटी होती ना, तिला लटकली. दोन्ही हातांनी. पकड अशी की न्हाव्याला पाटीसकट उतरवावी लागली. सायकल एकटीच पुढे गेली, ती अजून सापडलेली नाही.”


तो हलका होऊन खाली निघाला. रोपवेच्या वरच्या टोकाला खुर्चीवाला उभा होता. माणूस खुर्चीत नीट बसला की दांडी खाली पाडायची आणि एक बटण दाबायचं, हे त्याचं काम. माणूस म्हणजे थंड गोळा, लग्नात आणि मयताला एकच चेहरा घेऊन जाणारा.

चष्मेवाला आनंदात होता, त्यामुळे बोलला. “हिवाळ्यात मला घळीतून काढलं होतं बरं का. ज्या बाई माझ्याशी बोलत होत्या...”

“मीच तो,” खुर्चीवाला म्हणाला.

चष्मेवाला खुर्चीत अर्धवट बसलेला, तसाच उठला. मागची रिकामी खुर्ची त्याच्या पोटरीला लागली. खुर्चीवाल्याने बटण दाबून सगळा डोंगर थांबवला.

“तुम्ही? अहो, बाईचा आवाज होता.”

“सर्दी झाली होती.”

“आणि ती कड्यावरची ताई? तीपण म्हणाली, मीच.”

“असं म्हणाली का.” खुर्चीवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. “बरोबर आहे. ती या वसंतातच कामाला लागली, पण आमचा नियम सांगितलाय तिला.”

तारेवर मधोमध लटकलेली माणसं ओरडायला लागली होती, तरी त्याने शांतपणे नियम समजावला. मागे एकदा कुणीतरी असाच आभार मानायला आला. ज्याने त्याला वाचवलं तो नोकरी सोडून दूर गेला होता. सगळ्यांनी खरं ते सांगितलं. तो माणूस बराच वेळ तिकिटाच्या खिडकीपाशी उभा राहिला, मग आणलेलं सगळं काखेत घेऊन पायी परत गेला, आणि त्याचं ते परत जाणं इथे कुणाला विसरता येईना. तेव्हापासून ठरलं: लोक पाहुण्याला रित्या हाताने परत पाठवत नाहीत, आपण आभार घेऊन आलेल्या माणसाला भरल्या हाताने परत पाठवायचं नाही. ज्याला विचारलं त्याने म्हणायचं, मीच. आणि ज्याचे आभार त्याला संध्याकाळी निरोप द्यायचा.

“मग तिचं नाव सांगा की सरळ.”

“नाव सांगत नाही आम्ही. तुम्ही आभार माना, आम्ही पोचवतो.”

“तुम्ही पोचवता यावर मी कसा विश्वास ठेवू?”

“डोंगरावरून तुम्हाला पोचवलं ना?”

चष्मेवाल्याने पुन्हा एकदा, थोड्या घुश्शातच, खुर्चीवाल्याचे आभार मानले. मग खुर्चीत बसला. दांडी खाली आली. आता विचारायचं राहिलं नको म्हणून विचारलं, “आणि आत्या?”


(आत्याचा शेवट, खुर्चीवाल्याने सांगितलेला)

“थांबली.”

“कशी काय?”

“उतार संपला.”


गाडीत

“म्हणजे तुम्ही दोघांचे आभार मानून आलात आणि दोघंही ती नव्हे,” बायको म्हणाली.

“हो.”

“आणि त्यातला एक पुरुष.”

“हो.”

“लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावर असे दिवस येतील असं वाटलं नव्हतं.” तिने गाडी सुरू केली. घाट उतरून होईपर्यंत ती अधूनमधून एकटीच हसत होती. खाली सपाटीला लागल्यावर म्हणाली, “पानगळीतपण त्यांचं काहीतरी चालू असेल ना तिथे?”


पानगळ

चालू होतं. पानगळीत वारा स्थिर असतो म्हणून शिखराच्या पश्चिम कड्यावरून रंगीत छत्र्या उडतात. आपण पुढे, छत्री चालवणारा पायलट मागे, दोघं एकाच झोळीत. चष्मेवाल्याला उडायची काडीची हौस नव्हती, पण पायलट बचावपथकात आहे असं कळलं होतं आणि तो फक्त हवेतच निवांत असायचा.

खाली पिवळी-तांबडी झाडी, पायवाटांवर मुंग्यांएवढी माणसं, तळ्याकाठी तंबू. मानेमागून, वाऱ्यातून, पायलटचा आवाज आला. “मीच हो काका.” आवाज घोगरा होता. चष्मेवाल्याला नियम माहीत होता, तरी त्याने आभार मानले. पायाखाली तेवढी पोकळी असताना माणूस कुणाचेही आभार मानतो.


(आत्याचा शेवट, पायलटने सांगितलेला)

“रेनकोट होता ना अंगात? त्यात वारा भरला. भरला की माणूस उडतोच, त्यात नवल नाही. न्हाव्याच्या छपरावरून गेली. गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेलं, त्यालाच तेवढी दिसली. त्याने न्हाव्याला सांगितलं, पण न्हावी म्हणाला, हलू नका.”


हिवाळा

या खेपेला त्याने काठ्यांच्या आत राहायचं ठरवलं. स्की शिकवणाऱ्या दाढीवाल्याच्या वर्गात तो दाखल झाला. बाकी सगळी सहा-सात वर्षांची मुलं. ती त्याच्या बाजूने सुळकन निघून जायची, आणि दाढीवाला ओरडायचा, “काका, नांगर! नांगर करा पायांचा!” म्हणजे दोन्ही पट्ट्यांची टोकं आत वळवायची, वेग कमी होतो. चष्मेवाल्याचा नांगर होईपर्यंत उतार संपलेला असायचा.

पण एक सांगायला हवं. तिसऱ्या का चौथ्या घसरगुंडीला तो पडला नाही. सरळ उभा राहून, गार वारा तोंडावर घेत, हळूहळू, एखाद्या जड कपाटासारखा तो खाली आला, आणि खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हसतोय. वर्षभरापूर्वी याच बर्फात मरत होतो. या बर्फाचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता. पाय होता, मोडलेल्या हाडात डॉक्टरांनी बसवलेला खिळा होता, खिळ्यासकट पाय चालत होता. समोर पोरं किंचाळत होती. त्याला वाटलं, कुणाचे तरी आभार मानावेत, लगेच, इथल्या इथे. समोर दाढीवाला होता.

“मीच,” दाढीवाला म्हणाला, विचारायच्या आधीच. डोंगरभर आता सगळे चष्मेवाल्याला ओळखत होते.


(आत्याचा शेवट, दाढीवाल्याने सांगितलेला)

“आत्याला काही झालं नाही. गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्याने निषेध म्हणून कायम ठेवली.”


चिखल

मग वर्षातले ते दिवस आले जेव्हा शिखरावर काहीही करता येत नाही. स्कीला बर्फ फार पातळ, सायकलींना चिखल फार जाड. वारा लहरी, कातळ ओला. पार्किंग रिकामं. रोपवे दिवसातून एकदा सकाळी कामगारांना घेऊन वर जातो आणि दुपारी एकदा खाली येतो, तेवढाच. फिरायला कुणी येत नाही. या दिवसांत डोंगराची दुरुस्ती होते.

चष्मेवाला आला. का आला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बहुतेक सवयीने. कामगारांबरोबर वर निघालेल्या खुर्चीवाल्याने भुवई न हलवता त्याला शेजारी खुर्चीत बसवलं. “आज वर काही नाही,” एवढंच म्हणाला.

वर खरंच काही नव्हतं. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. तो आडोसा शोधत इमारतीच्या मागे गेला, तिथे सायकलींची कार्यशाळा होती. लांबट खोली, छताला उलट्या टांगलेल्या भाड्याच्या सायकली, रबराचा आणि ग्रीसचा वास, कोपऱ्यात हीटर. उंच स्टुलावर एक पन्नाशीची बाई बसली होती. पुढ्यात एक चाक. ते फिरवायची, कुठे डुलतंय ते बघायची, एखादी तार चावीने किंचित आवळायची, पुन्हा फिरवायची. तिने मानेनेच आत या म्हटलं. बसायला उपडा खोका पायाने पुढे सरकवला. बोलली नाही.

हिला इथे सगळे मौनी म्हणायचे. हिवाळ्यात सगळे उठायच्या आधी बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायची, उन्हाळ्यात सायकली दुरुस्त करायची, आणि दिवसभरात दोन-तीन शब्दांवर तिचं भागायचं. खुर्चीवाला म्हणायचा, हिच्यासमोर मी म्हणजे वटवट्या. चष्मेवाल्याने तिला लांबून कितीदा पाहिलं असेल, पण बोलत नाही त्या माणसाला आवाज कसला विचारायचा?

तिचा चष्मा नाकावरून घसरत होता. चाक फिरवायची, ग्रीसच्या हाताच्या कोपराने चष्मा वर ढकलायची, चाक फिरवायची. चष्मेवाल्याला ते सहन होईना. दाताच्या डॉक्टरला समोरच्याचे दात दिसावेत तसं.

“द्या इकडे,” तो म्हणाला. खिशात छोटा पेचकस असायचाच. तिने चष्मा दिला. त्याने दांडीचा ढिला स्क्रू आवळला, हीटरवर दांडी ऊन करून कानामागचा बाक जरा वाढवला. काम करताना त्याला गप्प राहता येत नसे, आणि त्या खोलीत तर शांतता फारच होती. म्हणून तो आपली नेहमीची गोष्ट सांगू लागला. आता ती त्याला तोंडपाठ झाली होती.

“एक आत्या होती. साठीची. लाल सायकलवर बसली...”

“हिरवी.”

पेचकस खाली पडला, खोक्याखाली गेला. दोघांपैकी कुणीही तो उचलला नाही.

चार जणांनी त्याला “मीच” म्हटलं होतं. ती “मीच” म्हणाली नाही. चाक अजून फिरत होतं, त्याची बारीक टिकटिक होत होती. त्याने चष्मा तिच्या हातात दिला. तिने तो घातला, मान हलवून बघितली. घसरला नाही. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की दोघांनी एकमेकांना असं समोरासमोर प्रथमच पाहिलं. त्याचा तर तेव्हा चेहराच बँडेजमध्ये होता.

“मला तुमचे...” तो उठून उभा राहिला. पाठ केलेलं काहीच आठवेना.

“पोचले,” ती म्हणाली. “चारही. ताईने त्याच दिवशी सांगितलं, रडत. खुर्चीवाला म्हणाला, तुमचा माणूस काठी टेकत आला होता, चिडका आहे. पायलट म्हणाला, उडाला. दाढीवाला म्हणाला, पडत नाही आता.” एवढं बोलून ती थांबली, जणू महिन्याभराचं एकदम खर्च झालं. मग हळू म्हणाली, “हेलिकॉप्टरमध्ये माणूस दिला की पुढचं आम्हाला कुणी कळवत नाही. जगला की नाही, तेसुद्धा. तुमचं कळत राहिलं. वर्षभर.”

चष्मेवाला खाली बसला.

“मग आत्या?” शेवटी तो म्हणाला. “माफ करा. पण मला फार लोकांनी फार काय काय सांगितलंय.”

“बर्फात गोष्ट संपवायची नसते. संपली की माणूस झोपतो. ज्याला बोलायला बसवतात त्याला पहिलं हेच शिकवतात.”

“आता मी जागा आहे.”

तिने चाक काढून बाजूला ठेवलं. दुसरं चाक घेतलं, फिरवलं नाही.

“गोष्ट अर्धी राहिली ती नुसती नियमापुरती नव्हे,” ती म्हणाली. “पुढचं मला सांगवलं नसतं. त्याच आठवड्यात मी आत्याला पोचवून आले होते.”

हीटरच्या जाळीवर पाण्याचा थेंब पडून चुर्र झाला.

“झोपेत गेली. काही त्रास नाही. तिनेच वाढवलं मला. घरी कुणाशी बोलावं असं कुणी नाही, आणि मला ते जमतही नाही. कामावर आले. यंत्र चालवलं. दुपारी तुमचा निरोप आला, मला म्हणाले, तू डोकं धर, तू बोल. काय बोलू? माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. तीच होती. म्हणून तिलाच बसवली सायकलवर.” तिने चष्मा काढला, पुन्हा घातला. “तुम्ही हं म्हणत होतात. मी सांगत गेले. तिच्याबद्दल तेवढं मी कुणालाच सांगितलेलं नाही.”

मग, कुणी न विचारता, तिने शेवट सांगितला.

आत्या ओरडत होती, “मागचं दार!” न्हावी हुशार. वस्तरा वर उचलला आणि पायाने मागचं दार उघडलं. आत्या पुढच्या दाराने आत, आरशांच्या मधून, मागच्या दाराने बाहेर. मागे अंगण, अंगणात वाळत घातलेल्या ओल्या चादरी. पहिली चादर, दुसरी, तिसरी, आणि तिसरीत गुंडाळून आत्या उभीच्या उभी थांबली. तशीच, चादरीसकट, चालत दुकानात परत आली. गिऱ्हाइकाला म्हणाली, तुमचं झालं असेल तर उठा. खुर्चीत बसली आणि म्हणाली, आता आलेच आहे तर कापून टाका हे केस, किती वर्षं डोक्यावर ओझं वागवायचं. तेव्हापासून शेवटपर्यंत तिचे केस कानाच्या वर.

“पोचवायच्या दिवशी सगळी माणसं पुढच्या दाराने आली,” ती म्हणाली. “न्हावी म्हातारा झालाय आता. तो मागच्या दाराने आला.”

हे सांगताना ती हसत होती आणि चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. चष्मेवाल्याने खिशातला मऊ कपडा काढला, पण दिला नाही. त्याला कळत होतं की या क्षणी पुसायची घाई करू नये.


चालत

रोपवेची दुपारची फेरी चुकली. खुर्चीवाल्याने थांबून पाहिलं असणार. कार्यशाळेच्या दारापर्यंत आलाही असणार. पण आतून मौनीचा आवाज येतोय आणि थांबत नाहीये, हे ऐकून तो तसाच परत गेला असेल. दोघं पायवाटेने निघाली. चिखल घोट्यापर्यंत, कुठे पोटरीपर्यंत. ओढ्यांना पाणी फुटलेलं. जुन्या बर्फाच्या काठाकाठाने इवली निळी फुलं वर आलेली, ती तिने न बोलता बोटाने दाखवली. बाकी सगळी वाट ती बोलत होती: आत्याचं पोहणं, आत्याचं भांडण, आत्याने पाळलेला आंधळा कुत्रा. चष्मेवाल्याचा खिळा ठणकत होता. तो मध्ये एक अक्षर बोलला नाही. वर्षभर त्याला वाटत होतं, आपल्याला तिला काहीतरी द्यायचंय आणि ते तोंडाने द्यायचंय. तसं नव्हतंच. द्यायचे होते ते कान.

पायथ्याला पार्किंगमध्ये एकच गाडी उभी होती. बायको दाराशी उभी राहून वर बघत होती. रोपवे रिकामा आलेला तिने पाहिला होता. तेव्हापासून ती तशीच उभी होती. चिखलाने माखलेला नवरा झाडीतून बाहेर आला, शेजारी एक बाई. नवरा लांबूनच म्हणाला, “अगं, ह्याच त्या.”

बायकोकडे अशा वेळेसाठी वर्षभरात साठलेलं पुष्कळ होतं. म्हणजे ह्या तुमच्या आवाजबाई. तुमच्यापायी मी सगळे ऋतू या पार्किंगमध्ये काढले. असं बरंच. ती दोन पावलं पुढे आली. मौनीचा ग्रीसने काळा झालेला हात तिने धरला आणि तोंड उघडलं. शब्द येईना. पुन्हा उघडलं. एरवी दुकानातलं अख्खं गिऱ्हाईक एका दमात गप्प करणारी बाई, ती नुसती हात धरून उभी राहिली, आणि हात सोडवेना.

मौनीला अशी माणसं ठाऊक होती. तिने दुसऱ्या हाताने गाडीचं दार पुरतं उघडलं, बायकोला हळूच सीटवर बसवलं, स्वतः तिच्यासमोर चिखलात उकिडवी बसली.

“वहिनी, तुम्हाला सांगू? वर असताना हे फक्त ‘हं’ म्हणत नव्हते. मध्ये मध्ये एकच धोशा. घरी कळवू नका. मी म्हटलं, का हो? तर म्हणे, तिला सांगाल तर ती गाडी पळवत येईल, आणि रस्त्यावर बर्फ आहे.”

चष्मेवाल्याला यातलं काहीही आठवत नव्हतं.

बायकोने नाक ओढलं. नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या चिखलाच्या बुटांकडे, परत मौनीकडे.

“पळवलीच होती,” ती म्हणाली. “दोन वळणांवर तर ब्रेकला पायच लावला नाही.”

आणि मग ती मौनीला त्या दिवशीचा घाट सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून, जो तिने आजवर नवऱ्यालाही सांगितला नव्हता.